लिम्फोमाच्या पेशंटची महाधमनी फुटली, जांघेतून ग्राफ्ट (कापडी नळी) टाकलं. कुणाच्या घरात असं झालंय का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इथं मी नुसता वाचक, ऊसाच्या आणि बाईकच्या धाग्यावर चार ओळी टाकल्या असतील तेवढंच. पण मागचे दोन महिने घरात जे चाललंय ते कुठंतरी लिहावं असं वाटत होतं, आणि प्रश्न पण आहेत, म्हणून हा धागा.

आमचे आण्णा, म्हणजे थोरले चुलते, वय ६६. साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यापासून वजन उतरायला लागलं, रात्री घामानं बनियन भिजायचं, संध्याकाळी कणकण. मानेत गाठ आली. पहिल्या डॉक्टरांनी गाठ बघून टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, तुकडा काढून तपासला नाही. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, गाठ काय जाईना, उलट दुसरी आली. मग दुसरीकडं आख्खी गाठ काढून बायोप्सी केली आणि रिपोर्ट आला डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पेट स्कॅनमध्ये पोटात पाठीच्या कण्यापुढं गाठींचा मोठा लगदा दिसला. आर-चॉप नावाची केमो ठरली, २१ दिवसांचं एक सायकल अशी सहा. पहिलं सायकल नीट गेलं, लाल औषधानं लघवी लाल होते हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. आठवड्यात मानेची दुसरी गाठ हाताला लागायची बंद झाली. आण्णा खूष, आम्ही पण.

अकराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास डाव्या कमरेत एकदम कळ आली, कंबरेतनं जांघेकडं जाणारी. गावाजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सोनोग्राफीत डावी किडनी थोडी सुजलेली दिसली, झालं, मुतखडा. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि भरपूर पाणी प्या म्हणाले. लिम्फोमाची फाईल माझ्या काखेत होती, मी सांगितलं पण की केमो चालू आहे, पण मीच फार जोर धरला नाही कारण मला पण मुतखडाच बरा वाटला, खरं सांगतो. कॅन्सरच्या घरात मुतखडा म्हणजे सुट्टीच.

पाच वाजेपर्यंत दुखणं कमी झालं. रात्री नऊला जेवायला बसायच्या आधी आण्णा हात धुवायला उठले आणि मोरीतच खाली बसले. चेहरा पांढरा फटक, घाम असा की शर्ट पिळून काढावा, पण शुद्धीवर. मला म्हणाले "बाळ, पोटात काहीतरी सुटलं". हा शब्द अजून कानातनं जात नाही. १०८ ला फोन लावला, गाडी वीस मिनिटात आली, जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या कॅज्युअल्टीत एक पोरसवदा डॉक्टर होता, त्यानं फाईल वाचली, पोटावर हात ठेवला आणि मुतखड्याचं नाव सुद्धा न घेता म्हणाला आधी सीटी, अँजिओसकट, आत्ता. अकराला रिपोर्ट. गाठींच्या लगद्यातनं जाणारी महाधमनी किडनीच्या फाट्यांच्या चारेक सेंटीमीटर खाली फुटली होती, रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साचलं होतं आणि तिथल्या तिथं दाबून राहिलं होतं, म्हणून माणूस जिवंत.

सर्जन आले, साध्या चप्पलवर, झोपेतनं उठून. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की पोट फाडून इथवर पोचायचं म्हणजे गाठींच्या आतनं वाट काढायची, प्लेटलेट ५८ हजार, पांढऱ्या पेशी तळाला, त्यापेक्षा जांघेतल्या धमनीतनं आतल्या आत कापडी नळी सरकवून भोक बंद करू. पण त्यांच्याकडं जी ग्राफ्ट होती ती फुगलेल्या धमनीसाठीची, मोठ्या मापाची, दोन पायांची. आण्णांची धमनी फुगलेली नव्हतीच, १९ मिलिमीटर. सर्जनचे शब्द: "पॅन्ट नको, नुसती बाही पुरे." ती बाही पुण्यात होती. कंपनीचा माणूस गाडी काढून निघाला आणि खंबाटकी ओलांडून रात्री साडेतीनला दोन लांबच लांब खोकी घेऊन पोचला. ते चार तास कसे काढले ते मलाच ठाऊक. साडेपाचला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले गळती थांबली.

आण्णा आज घरी आहेत. आता माझे प्रश्न. गाठींच्या आजारात एवढी मोठी धमनी फुटते कशी? केमोमुळं झालं का? आणि आत कापडाची नळी असताना केमो पुढं चालू ठेवायची हे बरोबर आहे ना? डॉक्टरांनी सांगितलंय, पण तिथं उभं राहून ऐकलेलं अर्धं डोक्यात शिरत नाही.

माईआजी_चिपळूण

वाचूनच हातपाय गळाले रे. आण्णांना उदंड आयुष्य मिळो. आमच्याकडे पण ह्यांना लिम्फोमाच आहे, तिसरं सायकल झालं. त्यामुळे हा धागा सोडणार नाही मी आता.

दीडशहाणा

सरळ आहे की. अकराव्या दिवशी फुटली म्हणजे केमोनेच घात केला. गाठ एकदम विरघळवली, धमनीला आधार राहिला नाही, फुटली. हे विष आहे हो, कुणी उघड बोलत नाही एवढंच. माझ्या ओळखीत एकाने केमो अर्धवट सोडली, ठणठणीत आहे.

काळीपांढरी

मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभर काळीपांढरी चित्रं बघणं हाच धंदा, म्हणून हे नाव.

वारणाकाठ, आधी साधं शरीरशास्त्र सांगते. महाधमनी छातीतून खाली उतरते ती मणक्यांना टेकूनच आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, एकेका पायाला एक. तिच्या अवतीभोवती लसिकाग्रंथींची माळ नैसर्गिकपणेच असते, सगळ्यांनाच असते. लिम्फोमा त्या ग्रंथींचा आजार, मग माळेतला मणी न् मणी फुगतो, एकमेकांना चिकटतो आणि धमनी त्या लगद्यात गाडली जाते. कधीकधी लगदा धमनीच्या मागे शिरून तिला मणक्यावरून चक्क पुढे उचलतो. सीटीवर धमनी तरंगत असल्यासारखी दिसते आणि आमच्यात त्याला तरंगती महाधमनीच म्हणतात. ते चित्र दिसलं की पहिला संशय लिम्फोमाचा.

आता गंमत अशी (गंमत म्हणू नये खरं तर) की लिम्फोमा हा मऊ ट्यूमर. बाकीचे कॅन्सर रक्तवाहिनीला आवळतात, कुरतडतात, हा बहुतेक वेळा नुसता मिठी मारून बसतो. आत धमनी मजेत वाहत असते. म्हणूनच तुमच्या आण्णांना झालं ते फार क्वचित होतं. वर्षानुवर्षं लिम्फोमाचे सीटी वाचते आहे, फुटलेली धमनी एकदाच बघितली आहे.

क्वचित का होईना, होतं कसं? धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरच्या थरात बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात, भिंतीला स्वतःला जेवण पोचवणाऱ्या. आक्रमक लिम्फोमा त्या बाहेरच्या थरात घुसला की एकतर भिंतच खातो किंवा तिचं जेवण तोडतो. मग भिंतीच्या जागी ट्यूमरच भिंतीचं काम करत बसतो. दीडशहाणा म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे की अशा ठिकाणी औषधाने ट्यूमर झपाट्याने मेला तर मागे भोक उघडं पडू शकतं. पण भिंत आधी खाल्ली कुणी? ट्यूमरने. औषध दिलंच नसतं तरी तो खातच राहिला असता, आणि केमो अजिबात न मिळालेल्या पेशंटमध्येही धमनी फुटल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. त्यामुळे केमोने घात केला हे वाक्य मला मान्य नाही. आणि अर्धवट केमो सोडून ठणठणीत असलेल्या तुमच्या ओळखीच्या गृहस्थांची पाच वर्षांनंतरची गोष्ट पण इथे येऊन सांगा, मी वाट बघते.

मुतखड्याबद्दल. फुटलेल्या पोटातल्या धमनीला मुतखडा समजणं ही जगभरातली जुनी आणि नेहमीची चूक आहे. रक्त पाठीमागे डावीकडे साचतं, तिथल्या नसा दाबते, कळ कंबरेतून जांघेत जाते, हुबेहूब मुतखडा. वर गाठींनी मूत्रनलिका दाबल्यामुळे किडनी आधीच सुजलेली असणार, म्हणजे सोनोग्राफीनेही फसवलं. पण साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्याची कळ आली तर महाधमनी बघितल्याशिवाय घरी सोडायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. सोनोग्राफीचा प्रोब तिथेच होता, चार बोटं मध्ये सरकवायचा होता. असो.

गॉझपट्टी

मी कॅथलॅबला सिस्टर आहे, अकरा वर्षं. काळीपांढरी मॅडमनी सगळं सांगितलं, मी फक्त डायक्लोफिनॅकवर बोलणार. केमोच्या दहाव्या ते चौदाव्या दिवसात रक्तपेशींचे काउंट तळाला असतात, त्यात हे इंजेक्शन म्हणजे उरलेल्या प्लेटलेटचं पण काम बंद. केमोचा पेशंट असेल तर कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पेनकिलरचं नाव विचारा आणि आधी ऑन्कोच्या (कॅन्सरच्या) डॉक्टरांना फोन लावा. रात्री लावा, उचलतात.

वारणाकाठदादा, तुम्ही त्या चार तासात बीपीवरून भांडला होतात का? कारण आमच्याकडे दर वेळी भांडण तिथेच होतं 🙂

वारणाकाठ

ताई, तुम्हाला कसं कळलं 😅

भांडलो की. मॉनिटरवर वरचं बीपी ८२. मी बारावी सायन्स नापास पण १२० पाहिजे एवढं कळतं. सलाईन एकच आणि ती पण थेंब थेंब. मी ओरडलो, माणूस मरायला टाकलाय काय म्हणून. तिथल्या सिस्टरनं शांतपणे सांगितलं, "ते बोलतायत ना तुमच्याशी? मग तेवढंच बास. वाढवलं तर परत फुटेल." मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

आणि आण्णा खरंच बोलत होते. आयुष्य काट्यावर गेलं त्यामुळं दर पाच मिनिटाला विचारायचे "काटा किती?" मी म्हणायचो ८२, ८४, ७९. मग म्हणायचे "तूट आहे, पण गाडी सोडायला हरकत नाही." आत नेल्यावर सुद्धा भूल फक्त जांघेत दिली होती, आख्खं ऑपरेशन जागेपणी, आणि आत पण टेक्निशियनला तेच विचारत होते म्हणे. नंतर तो टेक्निशियन मला बघून म्हणाला, काटावाल्यांचे तुम्हीच का.

गॉझपट्टी

आण्णा भारी आहेत 😀

सिस्टर बरोबर होती. आत रक्ताची गुठळी बुचासारखी बसलेली असते. सलाईन ओतून बीपी चढवलं की बूच उडतं, शिवाय रक्त पातळ होऊन गोठायचं पण थांबतं. म्हणून माणूस शुद्धीत असेल तर वरचं ७०-९० च्या मध्ये मुद्दाम ठेवतात. जागेपणी करण्याचं कारण पण तेच. पूर्ण भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी एकदम कोसळतं. स्नायूंनी जो दाब धरून ठेवलेला असतो तो जातो.

आत काय चाललं होतं ते सांगते, तुम्ही बाहेर बसलेले म्हणून. जांघेतल्या धमनीत सुई, सुईतून वायर, वायर थेट वर छातीपर्यंत. त्यावरून आधी एक फुगा तयार ठेवतात, अगदीच कोसळलं तर महाधमनी आतून फुगवून बंद करायची आणि वेळ काढायचा. मग ग्राफ्ट. पॉलिस्टरचं कापड किंवा टेफ्लॉनच्या जातीचं कापड, त्याला निटिनॉलच्या तारेचा सांगाडा. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, थंड असताना दाबून बसवता येतं आणि शरीराच्या उबेत स्वतःचा मूळ आकार आठवतं. ते छत्रीसारखं मिटवून करंगळीहून बारीक नळीत भरलेलं असतं. डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडून पडद्यावर किडनीचे फाटे कुठे ते बघायचं, त्यांच्या खाली ग्राफ्ट आणायचं, सगळ्यांनी श्वास धरायचा (पेशंटने खरा, आम्ही उगाच) आणि वरचं आवरण मागे ओढायचं. उघडतं. मग परत डाय. आधीच्या चित्रात जिथे धूर सोडल्यासारखा पांढरा ढग बाहेर जात होता तिथे काहीच जात नाही. एवढ्या वर्षांनी सुद्धा त्या दुसऱ्या डायला माझ्या पोटात गोळा येतो.

रक्त किती लागलं?

वारणाकाठ

सहा पिशव्या आणि प्लेटलेट वेगळ्या. गावातनं पोरं ट्रॅक्स करून आली, चौदा जणं. माझा सख्खा चुलतभाऊ म्हणत होता माझंच रक्त चढवा, ब्लडबँकेनं घेतलं पण आण्णांना दिलं दुसऱ्याचं. त्यावर पण तिथं थोडी बाचाबाची झाली.

गॉझपट्टी

जवळच्या नात्यातलं रक्त सरळ देत नाहीत, द्यायचं तर आधी किरणं मारून द्यावं लागतं. नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या आत टिकतात आणि उलट पेशंटवरच चाल करतात. प्रतिकारशक्ती खाली गेलेली असेल तर जास्तच धोका. भावाला सांगा त्याची पिशवी दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडली असेल.

दीडशहाणा

मॅडम आणि ताईंनी माझी बोलती बंद केली, ठीक आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. बिल किती झालं? कारण पोट उघडून टाके मारायला जेवढे लागतात त्याच्या तिप्पट या जांघेच्या प्रकाराला लागतात आणि कंपनीचा माणूस रात्री साडेतीनला उगाच येत नाही.

वारणाकाठ

सगळं मिळून ६ लाख ८० हजार. त्यातलं निम्म्याच्या जवळपास ग्राफ्टचं. मेडिक्लेम तीन लाखाचा होता, त्यातला काही केमोला आधीच गेलेला. बाकी काकीचं सोनं पतसंस्थेत तारण ठेवलं. त्याबद्दल मला तक्रार नाही. कंपनीच्या माणसानं त्या रात्री आल्यावर पहिल्यांदा पाणी मागितलं आणि दुसऱ्यांदा विचारलं "पेशंट आहे ना अजून?" त्याला कमिशन मिळालं असेल तर मिळू दे.

चिरफाड_निवृत्त

दीडशहाणा, प्रश्न वाईट नाही, उत्तर मात्र मी देतो. पस्तीस वर्षं पोटं उघडली आहेत, त्यात फुटलेल्या महाधमन्याही होत्या, आणि त्यातले किती वाचले हे विचारू नका.

उघडून टाके मारता येत नाहीत. फुटलेल्या जागेच्या वर चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं, मग तो भाग कापून कृत्रिम नळी शिवावी लागते. चिमटा लावायला धमनी चारही बाजूंनी मोकळी दिसायला हवी. इथे ती लिम्फोमाच्या लगद्यात. ओल्या सिमेंटमध्ये गाडलेला पाईप बोटांनी मोकळा करायचा, तोही अंधारात आणि वरून रक्ताची चिळकांडी, असं समजा. बाजूलाच महाशीर, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी मोठी शीर, तेवढीच गाडलेली, ती फाटली तर विषय संपला. जमलंच तरी टाका धरायला निरोगी भिंत पाहिजे, ट्यूमरने खाल्लेल्या भिंतीत टाका लोण्यात घातल्यासारखा निघून येतो. त्यात ५८ हजार प्लेटलेट, पांढऱ्या पेशी नाहीत, म्हणजे बितंभर जखम भरणार कशी? आणि ती भरेपर्यंत केमो महिना दीड महिना बंद. तेवढ्यात लिम्फोमा परत पहिल्यासारखा. जांघेतल्या भोकाला आठवडाही लागत नाही, हा खरा फायदा.

हे तंत्र फार जुनं पण नाही. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्टने पोटातली फुगलेली महाधमनी कापून मृत माणसाची धमनी जोडली, तिथून उघड्या ऑपरेशनचं युग चालू झालं. आतून नळी सरकवायचं पहिलं श्रेय खार्किवच्या निकोलाय वोलोदोसचं, १९८७, छातीतल्या धमनीत, पण सोव्हिएत काळ असल्याने बाहेर फार कुणाला पत्ताच लागला नाही. मग सप्टेंबर १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदीने पोटातल्या महाधमनीत केलं आणि सगळ्या जगाला कळलं. फुटलेल्या धमनीत वापरायला १९९४ उजाडलं. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत याला प्लंबिंग म्हणून हिणवायचो, माझ्या ज्युनिअर लोकांना आठवत असेल.

ब्रिटनमध्ये इम्प्रूव्ह नावाची मोठी चाचणी झाली, ६१३ पेशंट, फुगून फुटलेल्या महाधमन्यांचे. पहिल्या तीस दिवसांत दोन्ही पद्धतींत मृत्यू जवळपास सारखेच, ३५ आणि ३७ टक्के. तीन वर्षांनी मात्र आतून केलेल्यांचं पारडं जड दिसलं, आणि जागेपणी केलेले जास्त तरले. पण ते सगळे नेहमीचे पेशंट. लिम्फोमात अशी चाचणी कधी होणार नाही, तेवढे पेशंटच नाहीत. तुमच्या सर्जनने रात्री बारा वाजता कागदावर चित्र काढून जो निर्णय घेतला तो पुस्तकात बघून घेतलेला नसणार, त्याला माझा नमस्कार सांगा.

लीड्सकर

इथे यूकेमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी पत्र येतं, पोटाची सोनोग्राफी करून महाधमनी मोजतात, फुकट. ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर परत बोलावत सुद्धा नाहीत. माझ्या सासऱ्यांची झाली. भारतात असं असतं तर आण्णांचं आधीच कळलं असतं का?

जाता जाता, आइनस्टाईन याच दुखण्याने गेला. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेनने त्याच्या फुगलेल्या महाधमनीला सेलोफेन गुंडाळला होता, त्यावर सहा वर्षांहून जास्त काढली. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुटली तेव्हा त्याने ऑपरेशनला नकार दिला.

काळीपांढरी

नसतं कळलं. ती तपासणी फुगलेल्या धमनीची, आण्णांची १९ मिलिमीटर, म्हणजे त्या पत्रानुसार पास, परत येऊ नका. हाच तर फरक आहे. त्यांचा आजार धमनीचा नव्हताच, शेजाऱ्याचा होता.

आइनस्टाईनलाही आधी पित्ताशयाचं दुखणं समजत होते म्हणतात, म्हणजे फसवणूक जुनीच.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार, आमच्या घरात वाचून दाखवलं सगळं. चिरफाड सरांचा नमस्कार पोचवला, सर्जन लाजले.

तिसरा प्रश्न राहिला. कापडाची नळी आणि केमो. आमच्या ऑन्कोच्या डॉक्टरांनी अठरा दिवसांनी दुसरं सायकल दिलं. त्याच्या आधी रक्ताचे कल्चर (जंतूंची तपासणी) केले, आठ दहा दिवस शिरेतनं अँटिबायोटिक चालू होतं. म्हणाले फुटलं ते लिम्फोमामुळं असंच वाटतंय पण जंतूमुळं असण्याची शक्यता पण सोडता येत नाही. टीबीच्या गोळ्या आधी खाल्लेल्या असल्यामुळं त्याच्यावर पण एक दिवस चर्चा झाली. म्हणजे नक्की काय ते कधीच कळणार नाही का?

चिरफाड_निवृत्त

बहुधा नाही. पोट उघडलं असतं तर भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला गेला असता आणि आत लिम्फोमा आहे का जंतू ते कळलं असतं. जांघेतून केलं की भिंत आत तशीच राहते, तुकडा मिळत नाही. साल्मोनेला, टीबी, हे सगळे धमनीची भिंत पोखरतात, आणि पू असलेल्या जागी कापड ठेवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. म्हणून कल्चर आणि अँटिबायोटिक. कल्चर काही उगवले नाहीत, ताप नाही, आणि गाठी केमोने वितळतायत, मग लिम्फोमा धरून चालायचं. केमो मात्र थांबवून चालणार नाही. ग्राफ्टने भोक बंद केलं, भोक पाडणारा आतच आहे.

काळीपांढरी

आणि सीटी चुकवू नका. एक महिन्याचा झाला असेल, पुढचे सांगतील तसे. ग्राफ्टच्या वरच्या किंवा खालच्या टोकाकडून गळती नाही ना ते बघायचं असतं. तुमच्या केसमध्ये एक जास्तीची गोष्ट, गाठी आक्रसल्या की धमनीची जागा थोडी हलते, बाहीचं टोक तिथेच आहे ना ते बघितलं पाहिजे. ताप आला, कंबर दुखली, शौचाला काळी झाली, तर "कालच सीटी नॉर्मल होता" म्हणून बसू नका.

माईआजी_चिपळूण

मी दोन दिवस नुसती वाचतेय. विचारू की नको असं चाललं होतं. ह्यांना परवापासून उजव्या कुशीत, मागे, जळजळून दुखतंय. ह्यांच्या पण पोटात गाठी आहेत. बीपी घरी बघितलं १३०. ह्यांचं म्हणणं उगाच लोकांचं वाचून डोक्यात घेतेस.

गॉझपट्टी

आजी, आत्ता निघा. इथे उत्तर लिहीत बसू नका. फाईल, गोळ्यांची यादी, आधीचा सीटी घ्या आणि निघा. १३० वर विश्वास नको, आण्णांचं पण दुपारी ठीकच असणार.

दीडशहाणा

माई, गाडी हवी असेल तर सांगा. माझा भाचा चिपळूणलाच आहे, बहादूरशेख नाक्याजवळ. खासगीत नंबर टाकतो. मी कितीही वाद घातला तरी ह्यात वाद नाही.

काळीपांढरी

आजी, निघताना एकदा शर्ट वर करून कुशीवरची कातडी बघा. पण बघून झाल्यावर काहीही दिसो, जायचं आहेच.

वारणाकाठ

माई कळवा. आम्ही जागेच आहोत.

माईआजी_चिपळूण

आत्ताच आलो परत. साडेअकरा वाजले. नागीण निघाली! कातडीवर काहीच नव्हतं निघताना, तिथे कपडे काढून बघितलं तेव्हा पाठीकडून पट्टा धरून चार पाच बारीक पुळ्या उठत होत्या. तरी डॉक्टरनी सीटी करूनच सोडलं, महाधमनी छान आहे म्हणाले, गाठी निम्म्यावर आल्यात. नागिणीच्या गोळ्या सात दिवस, दिवसातून पाच वेळा. पुढचं सायकल ती सुकल्यावर.

हे मला येताना गाडीत म्हणाले, तुझ्या त्या काटावाल्या आण्णांना माझा नमस्कार कळव. दीडशहाण्याच्या भाच्याने पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा नाही घेतला.

वारणाकाठ

कळवला. आण्णा म्हणतात नागिणीला गेरू लावू नका, त्यांच्या आईनं लावला होता, फार आग झाली होती. आणि विचारतायत, त्यांचा काटा किती आहे?